कर्म म्हणजे केलेलं की भोगायचं?

दिवाणजी, सांगली

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहे. हळदीचे सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईचा हिशोब एवढंच आपलं जग. संस्कृत शाळेत झालं तेवढंच, त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या एका हमालाचा दहावा होता. पोरगा तिशीतला. रात्री बायपासला ट्रकनं मोटरसायकल मागून उडवली. घाटावर पिंड मांडलेला, उन्हं चढली तरी कावळा शिवायला तयार नाही. सगळे गप उभे. तेवढ्यात मागून एकजण बोलला, "पूर्वजन्मीचं कर्म असतंय ओ, त्याला कोण काय करणार." पोराची आई चार हातांवर बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. मला ते लई लागलं.

घरी येऊन आईला विचारलं. माझी आई दूध उतू गेलं तरी "कर्म माझं!" म्हणून कपाळावर हात मारून घेते. ती म्हणाली, "कर्म म्हंजे नशीब, आनि काय?" मुलगी कॉलेजला आहे, ती तर 'कर्म' म्हणतच नाही, 'कर्मा' म्हणते. वर्गात कुणी कॉपी करताना सापडला की हिच्या ग्रुपवर "कर्मा!" आणि खाली हसणारी तोंडं. आता शेजारच्या जिल्ह्यात भाऊराव पाटलांना लोकांनी पदवी दिली 'कर्मवीर'. तिथं कर्म म्हणजे नशीब धरलं तर काही अर्थच लागत नाही, नशीबवीर कोण म्हणून घेईल? आणि ऑफिसात बसतो तो कर्मचारी.

म्हणजे एकाच शब्दाची चार तोंडं. मूळ शब्द कुठला, तो असा कसा फिरला, आणि घाटावर जे बोललं गेलं त्याला खरंच शास्त्राचा आधार आहे का? जाणकारांनी सांगावं.


विश्रामबागकर

दिवाणजी, आमच्या पिढीचा अर्थ सोपा आहे. दुसऱ्याचं वाईट झालं की कर्मा, आपलं झालं की बॅड लक 😄

पण खरंच एक शंका आहे. शाळेत कर्ता-कर्म-क्रियापद शिकलो, ते कर्म आणि हे कर्म एकच का? 'रामने आंबा खाल्ला' यात आंबा कर्म. आंब्यानं काय पाप केलं होतं?


वाईच्या बाई

दिवाणजी, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, त्यावर दोन हजार वर्षं लोक भांडले आहेत.

आमचे वडील वाईला छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरं, जुळवायचे. संस्कृत कामं यायची. ते सांगत, खिळ्यांच्या पेटीत 'र्म' सगळ्यात आधी झिजतो, कारण धर्म, कर्म, मर्म, वर्म यांच्यावाचून एक फर्मा निघत नाही. शाळेत शिकवायला लागायच्या आधीपासून माझी या शब्दाशी ओळख आहे ती अशी, शिशातली.

मूळ धातू 'कृ', म्हणजे करणे. त्याला 'मन्' प्रत्यय लागून 'कर्मन्'. जन् पासून जन्मन् झाला तसाच. नपुंसकलिंगी शब्द, प्रथमेचं एकवचन 'कर्म'. अर्थ: केलेली गोष्ट. बस, इतकाच. कर्ता, कार्य, क्रिया, कृती, कारण, उपकार, अधिकार, संस्कार ही सगळी याच घरातली भावंडं. गावाकडे 'करणी केली' म्हणतात ती करणीसुद्धा.

आणि आणखी एक भाऊ आहे, तो रोज आपल्या तोंडात असतो आणि आपण त्याला ओळखत नाही. कर्म, प्राकृतात कम्म, मराठीत काम. चर्माचं चाम झालं, घर्माचा घाम झाला, तसंच. (संस्कृतातला इच्छा या अर्थाचा 'काम' वेगळा, तो कम् धातूचा. दोघं मराठीत येऊन सारखे दिसायला लागले.) तेव्हा तुमचे हमाल पोती उचलतात ते कर्म, आणि होम करतो तेही कर्म. एक शब्द घासून हातात आला, दुसरा पोथीत तसाच राहिला आणि मग कपाळावर जाऊन बसला.

विश्रामबागकर, तुमचा आंबा निर्दोष आहे. पाणिनीचं सूत्र आहे, "कर्तुरीप्सिततमं कर्म". कर्त्याला आपल्या क्रियेनं जे सगळ्यात जास्त गाठायचं असतं ते कर्म. रामला आंबा हवा होता, म्हणून आंबा कर्म. शब्द तोच, कामगिरी व्याकरणातली.

आता अर्थ कसा फिरला ते. ऋग्वेदात कर्म म्हणजे बहुतेक जागी पराक्रम किंवा यज्ञातला विधी. ईशोपनिषद म्हणतं, कर्मं करतच शंभर वर्षं जगायची इच्छा धरावी. यात रडगाणं कुठे आहे? पुढे मीमांसकांनी, म्हणजे जैमिनीच्या परंपरेनं, कर्म म्हणजे वेदात सांगितलेला विधी असं धरून त्याचं मोठं शास्त्र केलं. नित्य, नैमित्तिक, काम्य, निषिद्ध ही वाटणी तिथली. आमच्या वाईतच मीमांसाकोश तयार झाला, सात खंडांचा, तेव्हा हा विषय इथल्या मातीत मुरलेला आहे. त्या मंडळींपुढे एक व्यावहारिक अडचण होती. यज्ञ आज संपला, राख झाली, आणि स्वर्ग मिळणार मेल्यावर. मधल्या काळात ते फळ असतं कुठे? त्यांनी उत्तर दिलं, 'अपूर्व' नावाची एक न दिसणारी शक्ती उरते, ती वेळ आली की फळ देते. केलेलं काम संपतं पण त्याचं काहीतरी शिल्लक राहतं, या कल्पनेला इथे चांगला पाया मिळाला.

विधीवरून ती नीतीवर कशी गेली, त्याचा एक प्रसंग बृहदारण्यक उपनिषदात आहे आणि तो मला फार आवडतो. जनकाच्या सभेत आर्तभाग नावाचा एक जण याज्ञवल्क्याला विचारतो: माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात, अंगावरचे केस वनस्पतींत, रक्त पाण्यात. मग तो माणूस उरतो कुठे? याज्ञवल्क्य काय करतो? भर सभेत उत्तर देत नाही. म्हणतो, बाळा, माझा हात धर, हे आपल्या दोघांतच कळायचं, लोकांत नाही. दोघं बाहेर जातात, बोलतात. काय बोलले? उपनिषद सांगतं, ते कर्माविषयी बोलले. पुण्यकर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापानं पापी.

एवढा मोठा वादपटू, सभेत कुणाला हार न जाणारा, तो हा विषय चारचौघांत काढत नाही. आणि आपण घाटावर मागच्या रांगेतून काढतो!

छांदोग्यात आणखी एक गंमत आहे. पुनर्जन्माची ही विद्या प्रवाहण जैवली नावाचा राजा एका ब्राह्मणाला शिकवतो आणि बजावतो की तुझ्याआधी ही ब्राह्मणांकडे गेलेली नाही. यावरून काही अभ्यासक म्हणतात की ही कल्पना यज्ञवाल्यांच्या बाहेरून आत आली. श्रमणांमध्ये, म्हणजे बौद्ध-जैनांमध्ये, तर ती मध्यभागी आहेच. बुद्धानं कर्माची व्याख्याच बदलली. तो म्हणतो, चेतना, म्हणजे मनातला हेतू, त्यालाच मी कम्म म्हणतो.

आणि तुमच्या घाटावरच्या गृहस्थांना बुद्धानं थेट उत्तर देऊन ठेवलं आहे. सीवक नावाच्या परिव्राजकानं, म्हणजे हिंडत्या संन्याशानं, त्याला विचारलं, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वी केलेल्यामुळेच, असं काहीजण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध म्हणाला, पित्तानं दुखणं येतं, कफानं येतं, वातानं येतं, तिन्ही मिळून येतं, ऋतू बदलल्यानं येतं, निष्काळजीपणानं येतं, दुसऱ्यानं मारल्यानं येतं आणि कर्मानंही येतं. आठ कारणं, त्यात कर्म एक. सगळ्याला कर्म लावणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात, असं त्याचं म्हणणं. रात्री बायपासला मागून आलेला ट्रक या यादीत कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

गीतेचं म्हणाल तर "गहना कर्मणो गतिः". संदर्भ कर्म-अकर्म-विकर्माचा आहे, पण अर्जुनाला जे गहन म्हणून सांगितलं ते आपल्याला दहाव्याला सहज दिसतं हे विशेष.

राहिली तुमच्या आईची गोष्ट. मराठीत कर्म कपाळावर का आलं? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. आपल्याकडे सटवी बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते. तो लेख बाळानं केलेला नसतो, सटवीनं लिहिलेला असतो. नशीब हा अरबीतून आलेला शब्द, त्याचा अर्थ वाट्याला आलेला हिस्सा. दैव म्हणजे देवाकडचं. भोग म्हणजे भोगायचं ते. ही चार वेगवेगळ्या गावांची माणसं एकाच एसटीत बसली आणि मराठी तोंडात सगळ्यांना एकच तिकीट मिळालं. म्हणून कर्म म्हणताना हात कपाळाकडे जातो. शब्दाप्रमाणे गेला असता तर हाताकडेच बघितलं असतं.

पण आई उतू गेलेल्या दुधाला 'कर्म माझं' म्हणते त्यात मला काही गैर वाटत नाही. 'माझं' म्हणते ना. समर्थांनीही "मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें, तयासारिखें भोगणें प्राप्त जालें" हे स्वतःच्या मनाला म्हटलं आहे. सज्जनगडाच्या पायऱ्या चढून येणाऱ्या दुसऱ्या कुणाला नाही.

'कर्मा'चं थोडक्यात. १७८५ साली चार्ल्स विल्किन्सनं गीता इंग्रजीत आणली, पुढच्या शतकात थिऑसॉफिकल सोसायटीवाल्यांनी (स्थापना १८७५) हा शब्द पश्चिमेत पुष्कळ फिरवला. रोमन लिपीत शेवटी 'ए' आला, योगचा योगा झाला तसा कर्मचा कर्मा झाला, आणि काना घेऊन तुमच्या लेकीच्या फोनवर परत आला. उसना दिलेला तांब्या पोचे पडून परत यावा, तेवढंच. तिला रागवू नका.


द्राक्षबाग, मिरज पूर्व

बाईंनी जैनांचं नाव नुसतं घेऊन सोडून दिलं, म्हणून लिहितोय. आमच्या भागात गावोगाव जैन शेतकरी आहेत, आणि आमच्यात कर्म हा रोजचा शब्द आहे. "कर्म बांधू नको" हे आमची आजी भांडणाऱ्या पोरांना म्हणायची.

फरक असा की आमच्यात कर्म म्हणजे नुसती क्रिया नाही आणि शक्तीही नाही. ते पुद्गल आहे, द्रव्य. अतिसूक्ष्म कण. मन, वचन, काया हलली की ते जिवाकडं ओढले जातात, त्याला आस्रव म्हणायचं. राग, अभिमान, कपट, लोभ यांच्या ओलाव्यानं ते चिकटतात, तो बंध. येणं थांबवलं तर संवर, चिकटलेलं झाडून टाकलं तर निर्जरा. आठ प्रकार आहेत: ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, वेदनीय, मोहनीय, आयु, नाम, गोत्र, अंतराय. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, अष्टद्रव्यांनी पूजा करतो तेव्हा धूप वाहताना "अष्टकर्मदहनाय" म्हणतो ते हेच आठ. लहानपणी मला वाटायचं धूपदाणीतल्या निखाऱ्यावर ते खरंच तडतडत जळतात. चिमूट जरा मोठी टाकायचो.

आणि मधे देव नाही. फळ कुणी देत नाही, कुणी लिहून ठेवत नाही, माफही करत नाही. तीर्थंकर वाट दाखवतात, चालायचं आपण. म्हणून आमच्यात कपाळावर हात मारण्यापेक्षा उपवास जास्त.

घाटावरच्या माणसाविषयी. "आयुकर्म संपलं" असं आमच्यातही म्हणतात, नाही असं नाही. पण कुणाच्या कुठल्या कर्माचा उदय कधी झाला हे केवलज्ञानी, म्हणजे सगळं जाणणारा, सांगू शकतो, बाकीच्यांनी सांगू नये. उलट आमच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात स्पष्ट आहे की दुसऱ्याला दुःख, शोक, ताप दिला, आक्रोश करायला लावलं, तर असातावेदनीय, म्हणजे दुःख भोगायला लावणारं, कर्म बांधलं जातं. पोराच्या आईसमोर तो जे बोलला, त्यानं पोराचं कर्म कळलं नाही, त्याचं स्वतःचं तेवढं बांधून झालं.

बागेतही हेच ऐकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, दावण्या (वेलीवरचा बुरशीरोग) आला, की बांधावरचा म्हणतो कर्म. अरे, पानाखाली पांढरं दिसायच्या आधी फवारणी घ्यायची होती ना?


सातारी कंदी

बाई, तुमचं लिहिणं छान आहे पण तुम्ही याज्ञवल्क्य आणलात, बुद्ध आणलात, मनूला मात्र वाईच्या घाटावरच बसवून आलात.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सरळ लिहिलंय. सोनं चोरणाऱ्याची नखं पुढच्या जन्मी खराब होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. म्हणजे रोग्याकडं बघायचं आणि गुन्हा ओळखायचा. हे पोथीत आहे. कुणाच्या मागच्या रांगेतलं नाही. तुम्ही ज्या छांदोग्याची गंमत सांगितलीत, त्याच प्रकरणात पुढं चांगलं वागणारे ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्य योनीत जातात आणि वाईट वागणारे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनीत, असं आहे. एका माणसाला कुत्र्याच्या ओळीत बसवलं आणि वर म्हटलं, तुझंच कर्म. चोखोबासारखा माणूस म्हणतो, "चोखा म्हणे विटाळ। आम्हां पूर्वीचें हें फळ॥" ही ओळ वाचून ज्याला राग येत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही. चोखोबाचा नव्हे, त्याला हे पटवणाऱ्यांचा राग.

साताऱ्याच्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव दाखल झालं. राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या पोरानं मोठेपणी, आपल्या शेवटच्या ग्रंथात, हा प्रश्न धसास लावला. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धाचा कम्म हा या जगातल्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, मागच्या जन्माची थकबाकी नाही. गरिबाच्या आणि दलिताच्या हालतीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, याशिवाय पूर्वकर्माच्या सिद्धांताचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही.

घाटावर नेमकं तेच झालं. ट्रकवाला सुटला, बायपासचे बंद दिवे सुटले, दोष गेला मेलेल्याच्या मागच्या जन्मावर.

कर्मवीरांचंही सांगतो. १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. कमवा आणि शिका. शेतात राबायचं, खडी फोडायची, त्यावर शिकायचं. ही पोरं पूर्वकर्मानं अडाणी राहिली असं मानलं असतं तर शाळा कशाला काढली असती?


वाईच्या बाई

कंदी, मनू वाईच्या घाटावर नाही, तो आहे तिथेच आहे आणि तुम्ही म्हणता ते सगळं त्यात आहे. चांडाळ योनीची ओळही आहे. परंपरा एकमुखी असती तर मीमांसाकोशाला सात खंड लागले नसते. माझं म्हणणं एवढंच की ज्यांना मनूचं बोट धरायचं आहे त्यांनी ते उघडपणे धरावं, गीतेच्या आड उभं राहू नये.

द्राक्षबाग, देव मधे नाही हे मीमांसकांचंही मत बरं का. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, हा वाद नावानिशी आहे. जैमिनी म्हणतो धर्म, म्हणजे केलेलं कर्मच, फळ देतं. बादरायण म्हणतो, फळ ईश्वराकडून. देवभोळे म्हणून ज्यांना आपण हसतो त्या यज्ञवाल्यांना फळ द्यायला देव लागत नव्हता. आणि असातावेदनीयाचं तुम्ही सांगितलंत ते फारच नेमकं.

ज्ञानोबांची एक ओवी राहून जाऊ नये. "तया सर्वात्मका ईश्वरा। स्वकर्मकुसुमांची वीरा। पूजा केली होय अपारा। तोषालागीं॥" स्वतःचं काम हेच फूल. इथे कर्म आणि काम पुन्हा एका घरात आले आहेत. मात्र हे 'स्वकर्म' अठराव्या अध्यायात वर्णाप्रमाणे वाटून दिलेलं आहे, हे कंदी सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकते.


दिवाणजी, सांगली

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली "बाई बरुबर बोलत्यात, पर दूध उतू गेल्यावर म्हणायचं काय मग?"

कंदी, तुमच्या त्या नखांच्या ओळीवर थांबलो. आमच्या पेठेतल्या एकाही हमालाची नखं धड नाहीत. पोत्याच्या सुतळीनं कडा फाटलेल्या, आणि आत हळद अशी बसलेली की सीझन संपला तरी पिवळी. मनूनं बघितलं असतं तर सगळ्यांना सोनंचोर ठरवलं असतं.

आणखी एक विचारतो. कीर्तनात संचित, प्रारब्ध, क्रियमाण ऐकतो. मी ते आमच्या हिशोबानं लावून घेतलंय. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, वर तोंड लहान. वर्षानुवर्षांची हळद आत पडून, किडा नाही, मुंगी नाही. महापुरात बरीच खचली, आता कुणी फारसं भरत नाही. तर पेवात साठलेलं सगळं ते संचित. त्यातलं जेवढं वर काढून सौद्याला लावलं ते प्रारब्ध, त्याचा भाव येईल तो घ्यायचा, माल परत आत जात नाही. आणि यंदा शेतात लावलेली ती क्रियमाण, पुढं पेवात जाणार. बरोबर आहे का?


वाईच्या बाई

इतकं बरोबर आहे की मला आता वर्गात हेच सांगावंसं वाटतं. फक्त एक जोडा. वेदान्ती म्हणतात, ज्ञान झालं तर पेवातलं सगळं एका दमात जळतं. "ज्ञानाग्निः सर्वकर्माणि" म्हणतात ते हे. पण सौद्याला लागलेला माल ज्ञान्यालाही चुकत नाही, तो संपेपर्यंत देह राहतो. ब्रह्मसूत्रात यासाठी 'अनारब्धकार्य' शब्द आहे, ज्याचं फळ अजून सुरूच झालेलं नाही ते. जळतं ते तेवढंच. टिळकांनीही गीतारहस्यात कर्मविपाकाचं वेगळं प्रकरण लिहून आरब्ध-अनारब्ध हीच वाटणी महत्त्वाची मानली आहे.

पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत ना?


दिवाणजी, सांगली

नाही नाही. तोंड उघडं टाकून आधी वाफ जाऊ द्यायची. कोंडलेल्या हवेत उतरून माणसं गेलीत पूर्वी. कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचं.

बरं, शेवटचं. शनिवारी त्या माउलीकडं जाणार आहे. काय बोलायचं असतं अशा वेळी?


सातारी कंदी

बोलायचं कमी, कागद जास्त न्या.

पोरगा माथाडी मंडळात नोंदलेला होता का बघा. १९६९ चा माथाडी कायदा आहे. नोंदीत असेल तर त्याचा भविष्य निर्वाह निधी आणि उपदान मंडळाकडून वारसाला मिळतं. हमाली वहीत त्याच्या नावावर शिल्लक काय आहे तेही काढा. ट्रक सापडला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावायचा, वकील बघा. धडक देऊन पळाला आणि सापडलाच नाही तर केंद्राची योजना आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख रुपये. तहसीलदार किंवा प्रांताकडं अर्ज. पोलिसांचा पंचनामा, एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, आईचं बँक पासबुक. या चार गोष्टी आधी गोळा करा.


दिवाणजी, सांगली

नोंदीत आहे, बिल्ला आम्हीच करून दिला होता. एफआयआरची प्रत अजून कुणी आणलेली नाही, उद्याच पोलीस स्टेशनला जातो. ट्रकचा नंबर टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात आलाय म्हणतात, खरं-खोटं बघतो.


विश्रामबागकर

बाई, धागा थंड व्हायच्या आत एक. आमचे एक काका सोवळ्याशिवाय पाणी पीत नाहीत, सगळे त्यांना 'कर्मठ' म्हणतात. हाही त्यातलाच का?


वाईच्या बाई

त्यातलाच. पाणिनीनं त्याच्यासाठी वेगळं सूत्र दिलं आहे, "कर्मणि घटोऽठच्". कामाला झटून लागलेला तो कर्मठ. कामसू. मराठीत येईपर्यंत त्याच्या हातातलं काम गेलं आणि सोवळं तेवढं राहिलं. काकांना मूळ अर्थ सांगून बघा, आणि सांगताना त्यांच्या कळशीपासून जरा लांब उभे राहा.